फेल काहून म्हनते?

आणीबाणीच्या आदल्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांचे पाय सुजले. मी त्यांना मामाजी म्हणायची. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून ते भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत. नवरा नोकरीला अकोल्यात. घरात मॅट्रिक झालेली मीच, तेव्हा मीच त्यांना मानोऱ्याहून बसनं मंगरूळपीरला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला म्हणाले, "हार्ट फेल्युअर आहे. गोळ्या लिहून देतो. जेवणात मीठ कमी करा."

आमच्याकडे कुणी बसल्या जागी गेला की लोक म्हणायचे, हार्ट फेल झालं. मामाजींनी तेवढंच ऐकलं. परतीच्या बसमध्ये ते माझ्याकडे बघेनात. घरी सासूबाईंना म्हणाले, "डाक्टरनं मले मेल्यातच धरलं. अन् हिनं नुसती मान हालवली."

गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागे. "आंगातलं पानी काढून मले वाळवून राह्यले," ते म्हणत. अळणी वरण पुढं आलं की आधी माझ्याकडे बघत, जणू मी त्यात काही कालवलंय. एक दिवस सासूबाईंनीही ते स्वतः चाखून मगच त्यांना वाढलं. ते माझ्या मनाला फार लागलं.

पण शंका मलाही होती. डॉक्टर काही लपवत तर नसतील? बाजाराच्या दिवशी एकटीच गेले आणि विचारलं, फेल झालेलं हृदय चालतं कसं?

"बंद नाही पडलं, थकलंय," डॉक्टर म्हणाले. "रक्त पुढं ढकलायला कमी पडतं. म्हणून पाणी पायात, छातीत साचतं."

घरी येऊन मी तेच सांगितलं. मामाजींनी ऐकून घेतलं.

"मंग फेल काहून म्हनते?"

मी गोळी आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला.

हळूहळू सूज उतरली. एका दुपारी ते ओसरीत चक्क आडवे होऊन घोरत होते. उठल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता तं पटलं ना?" दुसऱ्या दिवशी मामाजी गोळ्यांची पुडी घेऊन वाशीमला गेले, दुसऱ्या डॉक्टरकडे. त्यानंही तेच नाव घेतलं आणि त्याच गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या.

"दोघं एकाच कालेजातले असतीन," मामाजी म्हणाले.

तरी पुडी त्यांनी आपल्या उशाशी ठेवली आणि रोज स्वतःच्या हातानं गोळी घेऊ लागले. पुढं ते बरीच वर्षं जगले. त्या पुडीला मात्र मला कधी हात लावू दिला नाही.