मोठे डॉक्टर आणि क्यू चोपन्न

तान्ह्या बाळाला हात लावायच्या आधी मोठे डॉक्टर चहाचा गरम पेला दोन्ही तळव्यांत धरून बसत. बाहेर आया ताटकळत असोत, तळवे ऊबदार झाल्याशिवाय तपासणी नाही. चहा तोवर निवून जाई. तो तसाच पिऊन टाकत आणि म्हणत, "दमलो बुवा." सकाळी आल्या आल्याही हेच म्हणत. महाडच्या त्या धर्मादाय रुग्णालयात लहान मुलांचे ते एकटेच डॉक्टर. साठी उलटली होती, पण त्यांच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं.

मी तिथे रेकॉर्डला होते. दोन हजार सालाच्या सुमारास नवा नियम आला : प्रत्येक निदानाला पुस्तकातला कोड द्यायचा. जन्मजात दोषांचे कोड 'क्यू'ने सुरू होत. मुलाच्या लघवीचं तोंड टोकाऐवजी खालच्या अंगाला उघडत असेल तर क्यू चोपन्न. मुलगा की मुलगी हेच ठरत नसेल तर क्यू छप्पन्न. डॉक्टर केसपेपरवर नुसतं 'लघवीच्या जागेचा दोष' एवढंच लिहीत. मग मी त्यांच्यामागे. "सर, तोंड नेमकं कुठे? टोकाजवळ, मध्ये की मुळाशी? चोपन्नच्या पुढचा आकडा प्रत्येकाचा वेगळा आहे." ते स्टुलावर टेकत, डोळे मिटून आठवत आणि सांगत. एकदा म्हणाले, "शैला, मुंबईचा सर्जनही हेच विचारतो. मी कंटाळलो तरी तू विचारत जा."

उमरठकडच्या एका वाडीतलं बाळ आलं तेव्हा सोबत दुसऱ्या दवाखान्याची चिठ्ठी होती. तिच्यावर 'लिंग अनिश्चित'. बाप औद्योगिक वसाहतीत कामाला, शिकलेला. त्याने ती वाचली होती. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. आजीच पुढे झाली.

"डाक्टर, पोरगा हाय का पोरगी, का तिसरंच कायतरी? खरं काय ता सांगा."

डॉक्टरांनी बाळाला बराच वेळ हळूहळू चाचपलं. "दोन्ही अंडगोळ्या हाताला लागतात. मुलगा आहे, आजी. लघवीचं तोंड मुळाशी उघडलंय. ऑपरेशननं नीट होतं. पुढची कातडी मात्र कुणाला कापू देऊ नका, ऑपरेशनला तीच लागते."

खात्रीसाठी रक्त मुंबईला पाठवलं. तपासणीतही मुलगाच निघाला. मी क्यू चोपन्न टाकला. पुस्तकात छप्पन्न त्याच्या शेजारच्याच पानावर होता. बाप केसपेपर घेऊन निघून गेला.

मी पोलादपूरहून रोज एसटीने यायची. वाडीतल्या बायका गाडीत भेटायच्या. त्यांच्याकडून कळलं की पोराचं बारसंच केलेलं नाही, आणि त्याची आई पाणवठ्यावर सगळ्या बायका गेल्यावर एकटी जाते. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आता या गुडघ्यांनी वाडी चढायची?" आणि रविवारी पोलादपूरच्या स्टँडवर माझी वाट बघत उभे होते.

आम्ही वाडीवर पोचलो तेव्हा शेजारपाजारचे जमलेच. आजी सुनेकडे बोट दाखवून म्हणाली, "हिनं गिराण पाळलंन नाय. विळीवर बसली, म्हणून ह्या झालं."

"ग्रहणाचा काही संबंध नाही," डॉक्टर अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "बाळाच्या आईची काहीही चूक नाही." मग बाळाला मांडीवर घेऊन, "हा मुलगा आहे. याचं नाव ठेवा."

बाप म्हणाला, "साहेब, लोक रिपोर्ट बघतात काय? तोंडाला येल ता बोलतात."

"म्हणून तर आलो."

दुपारीच पाळणा बांधला. नाव ठेवलं महेश. आई आतल्या दाराशी उभी होती. आजीने हाक मारली तेव्हा ती बाहेर आली आणि पाळण्याची दोरी धरली. परतीच्या गाडीत डॉक्टर खिडकीच्या गजाला डोकं टेकून पोलादपूर येईपर्यंत झोपले.

गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं. पहिलं ऑपरेशन जमलं. दुसऱ्यात टाका सुटला आणि लघवी दोन ठिकाणांहून येऊ लागली. बाप केसपेपर टेबलावर ठेवून म्हणाला, "आणखी कितीदा कापायचा पोराला?" डॉक्टरांनी केसपेपर जवळ ओढला. "मीही थकलोय रे," ते म्हणाले. "पण शाळेत जायच्या आधी हे झालं पाहिजे. पोरं बघतात, हसतात." आणि मुंबईला फोन लावून त्यांनी पुन्हा तारीख घेतली.

तिसऱ्या ऑपरेशनच्या आधीच त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. निरोपसमारंभात बसवणार नाही म्हणून तो नको म्हणाले आणि एका दुपारी मुलीकडे पुण्याला निघून गेले.

तिसरं ऑपरेशन होऊन महेश शाळेत जायला लागला त्या वर्षी त्याची आई पेढे घेऊन आली. डॉक्टर आता इथे नसतात हे तिला ठाऊक नव्हतं. मी पुण्याला फोन लावून रिसीव्हर तिच्या हातात दिला. डॉक्टरांचा आवाज बारीक झाला होता, तरी मला बाजूला ऐकू येत होता.

"उभ्यानं करतो आता, साहेब," ती म्हणाली. "पोरांच्या संगतीनं. पार भिताडापर्यंत धार जाते."

पलीकडे ते हसले असावेत. मग खोकला आला. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं, "आणि तुला? तुला कुणी काही बोलत नाही ना आता?"

एवढ्या वर्षांत हे तिला दुसऱ्या कुणी विचारलं नसावं. तिने पदर तोंडाला लावला. "नाय," म्हणाली आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. मी कानाला लावला, तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

पावसाळा सरता सरता ते गेल्याचं कळलं.