आईला विचारून आणलेला कोच

बर्फावर फोन चालत नाही. थंडीनं बॅटरी बसते, म्हणून आम्ही सगळे फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवतो. त्या दिवशी सकाळची पाळी संपवून मी बाहेर आलो, पायातले जड बूट काढले आणि फोन हातात घेतला, तर बमरोलीच्या आमच्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक ओळखीच्या माणसाचा मिस्ड कॉल होता. एक-दोघांचे असते तर काही वाटलं नसतं. एवढे सगळे म्हटल्यावर पहिला विचार गावाकडच्या आईचा आला आणि बोट पुढं जाईना. शेवटी खोलीवरच्या सोपानला लावला. तो म्हणाला, "आप्पा गयात रे. चहाना कप हातमाच व्हता." आईचं काही नाही एवढं कळून छातीतलं ओझं क्षणभर उतरलं... आणि दुसऱ्या क्षणाला मी तिथंच फरशीवर बसलो. बाहेर सुरतेचं ऊन फणफणत होतं आणि माझ्या अंगात अजून आतलं जाड जाकीट होतं. ते काढायचं असतं हेसुद्धा सुचलं नाही.

भिकनआप्पा आमच्या साक्री तालुक्यातले. सुरतेत तीसेक वर्षं लूमवर मुकादम होते. मुकादमाचं काम माणसं आणायचं. बाकीचे मुकादम बसस्टँडवर उतरलेली पोरं उचलून कारखान्यात उभी करायचे. आप्पांनी तसं कधी केलं नाही. ते स्वतः गावात यायचे, घरात बसायचे, जे असेल ते जेवायचे आणि पोराशी नाही, आईशी बोलायचे. मी नववीत शाळा सोडून घरी बसलो होतो, तेव्हा आमच्याकडे आले. आईनं कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. आप्पांनी मला एक शब्दही विचारला नाही. आईला एवढंच विचारलं, की हा भांडण झाल्यावर काय करतो? आई म्हणाली, काही करत नाही, जेवण सोडतो. आप्पा हसले आणि उठताना म्हणाले, "माय, हाऊ पोऱ्या उभा लई जास, उभाच लई येसू." उभा नेतो, उभाच परत आणीन, या एका वाक्यावर आईनं मला पाठवलं. मलाही त्या वाक्याचा फार आधार होता, कारण घरापासून लांब राहायची मला पहिल्यापासून भीती. अजूनही रात्री खोलीची कडी दोनदा बघतो.

पुढं शेठनी लूम भंगारात काढले आणि डुमसच्या रस्त्याला बर्फघर उभं केलं. मोठ्या शेडमध्ये मशिननं पाडलेला बर्फ, घसरायला उतार, बाहेर भाड्यानं जाकिटं. जुन्या कारखान्यातले आम्ही काही जण आप्पांच्या शब्दावर तिथं लागलो. मनालीहून आलेल्या एका मुलानं आम्हाला पायाला स्की बांधून सरळ घसरायला शिकवलं आणि तो त्याच्या सीझनला परत गेला. मी त्यात बरा निघालो. मला स्वतःलाच नवल वाटायचं. जमिनीवर चालताना दहादा मागं बघणारा मी, बर्फावर मात्र पुढं बघायचो. शेठचा मुलगा हार्दिकभाई याला एवढ्यावर समाधान नव्हतं. त्याला फ्रीस्टाइल हवं होतं, म्हणजे उतारावरून वेगानं येऊन चढावरून हवेत उडायचं, गिरकी घ्यायची आणि खाली हवा भरलेल्या मोठ्या गादीवर पडायचं. दिवाळीपासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, त्याचे खेळ लावायचे असं ठरलं. उडणाऱ्यांत माझं नाव पहिलं. शिकवायला परदेशातून एका सीझनपुरता कोच आणायचा होता. दक्षिणेकडच्या देशांत तेव्हा उन्हाळा असतो, तिथले कोच मोकळे असतात, असं एजंटानं सांगितलेलं. मोठ्या शेठनी मुलाला एकच अट घातली, माणूस आणायचा तर भिकनला शेजारी बसव.

पहिली मुलाखत मी डोळ्यांनी पाहिली, कारण लॅपटॉपची वायर धरून उभा होतो. पलीकडचा माणूस देखणा, हसरा. त्याचे उड्यांचे व्हिडिओ बघून हार्दिकभाई खूश. पुढच्याच आठवड्यात यायला तयार होता. सगळं ठरत आलं, तेव्हा आप्पा खुर्ची पुढं ओढून म्हणाले, याच्या घरचं कोणी माणूस असेल तर दोन शब्द बोलू द्या. हार्दिकभाईनं कपाळाला हात लावला. "आ कंई लूमनो कारीगर नथी, काका." पण आप्पा हलेनात, तेव्हा त्यानं चाचरत इंग्रजीत विचारलं. पलीकडचं हसू गेलं. तो काहीतरी तुटक बोलला आणि पडदा काळा झाला. आप्पा म्हणाले, ज्याच्या मागं कोणी नाही त्याच्या हातात मी पोरं देणार नाही. पुढं एजंटाकडून कळलं, की तो माणूस अनाथालयात वाढलेला होता. आप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, हे आधी कळलं असतं तर मी त्याच्या मित्राशी बोललो असतो रे... ही त्यांची चूक होती, आणि ती महाग पडली. तो दुसरीकडे लागला. आमच्या हातातले आठवडे गेले, आणि हार्दिकभाई आप्पांशी कामापुरतं बोलायला लागला.

दुसरा मिळाला तो अर्जेंटिनाचा तोमास. आपली संध्याकाळ, त्याच्याकडे सकाळ. घरच्यांबद्दल विचारल्यावर तो फोन घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेला. तिथं त्याची आई पिठाच्या हातांनी उभी. मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. आप्पा अहिराणीत, हार्दिकभाई ते इंग्रजीत, तोमास ते त्यांच्या भाषेत, आणि उत्तर याच वाटेनं परत. भांडण झालं की तुमचा मुलगा काय करतो? ती म्हणाली, मागच्या अंगणात जाऊन लाकडं फोडतो, आणि मग माझ्याशीच येऊन बोलतो. आप्पांनी मान डोलावली. तिनं उलटा प्रश्न केला, तिथं त्याच्याकडे कोण बघेल? याचं भाषांतर व्हायच्या आधीच आप्पांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला होता.

तोमास ठरला, पण व्हिसा अडकला. दिवाळी आली. शहरभर पोस्टर लागले, त्यात हवेत उडालेला मी, फोटो जोडून केलेला. पहिल्या दिवशी शेड भरून गेली आणि कोच अजून त्याच्या देशात. हार्दिकभाई माझ्याकडे आला. आवाज चढवला नाही त्यानं, उलट खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, एकच उडी, गिरकी नको, खाली गादी आहेच. मी हो म्हणालो. पडण्याची भीती होतीच, पण परत पाठवलं तर गावात काय करू, ही भीती तिच्याहून मोठी होती. वर जाऊन स्की बांधल्या. खाली लोक मोबाइल धरून उभे. चढाचं टोक मला कधी जवळ दिसे, कधी लांब. तोंडातून वाफ निघत होती आणि ती थांबवता येत नव्हती...

तेवढ्यात कडेच्या पायऱ्यांनी आप्पा वर चढताना दिसले. अंगावर शाल, पायात साध्या चपला. बर्फावरून घसरत, कठड्याला धरत ते चढाच्या अगदी टोकाशी आले आणि चक्क मांडी घालून बसले. लोक हसले. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. हार्दिकभाई धावत आला. "काका, उठो. पब्लिक देख रही है."

"देखने दो," आप्पा म्हणाले. "इसको इसकी माँ से मैं माँगके लाया है. कोच आने दो, फिर उडाओ."

हार्दिकभाईचा चेहरा लाल झाला. त्यानं खालून मला विचारलं, "तू बोल, सुकदेव. कूदेगा?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते, फक्त आप्पा सोडून. त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी वळून पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं, पण ते वळले नाहीत. मी काठीचं टोक टाचेमागच्या खटक्यावर दाबलं. स्की सुटली. खट्ट असा आवाज झाला, आणि तो खालपर्यंत ऐकू गेला असावा, कारण हार्दिकभाई पाठ फिरवून चालू लागला. मग दुसरी सोडली. आप्पांना हाताला धरून उतरवलं तेव्हा त्यांचे पाय गारठून लाकूड झाले होते. त्या दिवशी आम्ही नुसतं घसरून दाखवलं. लोकांनी पैसे परत मागितले. पुढचे दिवस रोज सकाळी वाटायचं, आज गेटवरच अडवतील, आम्हा दोघांनाही. आप्पांना तसं काही म्हटलं की ते म्हणायचे, अडवलं तर चलथाणच्या साखर कारखान्याला ऊस तोडू, त्यात काय.

तोमास आला तो विमानतळावरून सरळ शेडमध्ये. चढाच्या टोकाशी उभा राहिला, गादीकडे पाहिलं, मग उतरून बुटाच्या टाचेनं मधला बर्फ ठोकत चालला. त्यानं विचारलं, यावरून आतापर्यंत कोण उडालंय? कोणी नाही, असं कळल्यावर त्यानं डोळे मिटून श्वास सोडला. मग फावडं मागवलं आणि चढ जवळजवळ अर्धा छाटला. गादीही पुढं ओढायला लावली. त्या संध्याकाळी हार्दिकभाई स्वतः चहाचा कप घेऊन आप्पांच्या खुर्चीपाशी आला, कप ठेवला आणि तिथंच उभा राहिला. आप्पांनी अर्धा चहा बशीत ओतून त्याच्यापुढं केला. त्यानंतर त्या दिवसाचा विषय दोघांनीही काढला नाही. मी उत्तरायणाच्या थोडं आधी उडालो. गिरकी पूर्ण झाली नाही, पण मी पायांवर आलो.

आप्पांची एक गोष्ट सांगायची राहिली. रविवारी आम्ही घरी व्हिडिओ कॉल करायचो, तेव्हा ते फोन स्वतःच्या हातात धरायचे आणि आम्हाला मागं, मागं, भिंतीपर्यंत सरकायला लावायचे. चेहरा काय, कोणीही हसून दाखवतो, म्हणायचे, आईला पाय दिसले पाहिजेत. तोमासलाही सुटका नव्हती. एवढा उंच माणूस आमच्या खोलीच्या भिंतीला टेकून उभा राहायचा आणि आप्पा फोन वर-खाली करून त्याला डोक्यापासून मोज्यापर्यंत त्याच्या आईला दाखवायचे. ती तिकडे खो खो हसायची.

गेल्या आठवड्यात तोमासचा व्हिडिओ कॉल आला. यंदाचा व्हिसा झालाय. मीच त्याला मोडक्या इंग्रजीत आप्पांचं सांगितलं. मग फोन हलत हलत गेला आणि त्याची आई समोर आली. त्यानं तिला सांगितलेलं दिसत होतं. ती काही बोलली, मला कळलं नाही, आणि तोमास फोन तिच्या हातात देऊन बाहेर गेला होता, मधे भाषांतर करायला कोणी नव्हतं. मी नुसता फोन चेहऱ्यासमोर धरून होतो. तिनं डोळे पुसले. मग तळहात माझ्या दिशेनं करून हवेत हळूहळू ढकलला... एकदा, मला समजलं नाही म्हणून पुन्हा एकदा. मी फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि मागं सरकत गेलो, पाठ भिंतीला लागेपर्यंत. ती वाकून बघत राहिली, वरून खाली, सावकाश.