पाकिटावरचा हात

परवा सप्त्याच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनानंतर, कृषी केंद्राच्या मालकाचा सत्कार झाला. महाप्रसादाच्या बुंदीचा खर्च त्याचा, म्हणून शालही त्यालाच. उत्तराच्या भाषणात तो म्हणाला, की आपल्या गोदामात गावातल्या पोरांना काम मिळतं, हीच आपली देवपूजा. मांडवात टाळ्या पडल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले. इतका निलाजरा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि टाळ्या वाजवणारे त्याच्याही वरचढ. ज्या बायांचं काम त्यानं घालवलं, त्याच पुढे बसून बुंदीची वाट पाहत होत्या. माझ्या थोरल्या जाऊबाई तेवढ्या आल्या नव्हत्या.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या अलीकडे. इथे बियाण्याच्या एका कंपनीचे प्लॉट होते. शेतकऱ्याच्या शेडनेटमध्ये मिरची लावायची आणि तिचं बी कंपनीला द्यायचं. त्यात बायांचं काम क्रॉसिंगचं. संध्याकाळी, उमलायच्या आधीच, कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढून टाकायचे. सकाळी दुसऱ्या जातीचा पराग त्या फुलाला लावायचा आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. दोऱ्याची मिरची ती खरी, तिचंच बी पाकिटात जायचं. बिनदोऱ्याची, आपोआप धरलेली, तिला आम्ही सेल्फ म्हणायचो. सेल्फ तोडून खड्ड्यात पुरावी, असा कंपनीचा नियम. पण चांगली तिखट मिरची कोण पुरतं? बाया ओटीत भरून घरी न्यायच्या, वाळवून वर्षाचं तिखट करायच्या. सुपरवायझर तिकडे पाठ करून उभा राहायचा. त्याच्या घरचं तिखटही त्यातलंच होतं.

जाऊबाईंचा हात या कामात बसलेला होता. मीही दोन हंगाम केलं, पण माझ्या हातून कळ्या मोडायच्या. त्यांच्या हातून मोडलेली कळी मी पाहिली नाही. दीर वारल्यावर त्या दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायच्या आणि कोणीही 'ए बाई' म्हणून हाक मारायचा. क्रॉसिंगला लागल्यावर त्यांना कंपनीचं फोटोचं ओळखपत्र मिळालं. ते त्या भाचीच्या लग्नातही गळ्यात घालून आल्या. सासूबाई हसल्या, म्हणाल्या की मंगळसूत्राच्या जागी हे चांगलं शोभतं. असं बोलायला आमच्या सासूबाईंना शिकावं लागत नाही. जाऊबाईंनी ओळखपत्र काही काढलं नाही.

पुढे कंपनीनं पाकिटावर छापायला फोटो काढून नेला. फुलाला पराग लावणारा हात, मनगटावर हिरवं तुळशीवृंदावन गोंदलेलं. हात जाऊबाईंचा. पाकीट छापून आलं तेव्हा त्यांनी ते देव्हाऱ्याच्या बाजूला भिंतीला चिकटवलं. घरातली पुरुषमंडळी आयुष्यभर मिशा पिळत राहिली, पण फोटो छापून आला तो बाईच्या हाताचा, हे मी मुद्दाम चारदा बोलून दाखवलं.

त्याच सुमारास टेम्पो घेऊन एक माणूस गावात यायला लागला. मसाल्याच्या कारखान्याला मिरचीचं बी लागतं म्हणायचा. तिखट कुटताना बी झटकून टाकतातच; उकिरड्यावर जाणाऱ्या वस्तूला कोणी भाव देतोय म्हटल्यावर गाव हुरळलं. जाऊबाई दारोदार सांगत फिरल्या, की सेल्फचं बी बाहेर द्यायचं नाही. त्यांना उत्तर मिळालं, की तू कंपनीची मालकीण आहेस काय. सासूबाईंनी तर डबा भरून बी विकलं आणि आलेल्या पैशातून दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या. त्या वाट्या अजून आमच्या घरात आहेत. मी त्यात खात नाही.

टेम्पो कोणत्या मसाल्याच्या कारखान्यात जात होता, ते पुढच्या हंगामात कळलं. कळवलं आमच्याच यजमानांनी. घरची बाई कंपनीत कामाला, प्लॉटवरून पावतीचं खरं बियाणं आणता आलं असतं. पण बाजारात याच मालकाच्या कृषी केंद्रात तेच पाकीट बिलाशिवाय स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर यजमान शहाणे झाले. पाकीट घरी आणून ऐटीत खाटेवर टाकलं. जाऊबाईंनी उचलून पाहिलं आणि हरखल्या.

"पाहा ना," त्या मला म्हणाल्या, "माहा हात बाजारात गेला."

छपाई जराशी फिकी होती. तेवढं कोण बघतं?

रोपं आली, झाडं वाढली, आणि फळं धरली ती बोटाच्या पेराएवढी, वाकडी. आमचीच नव्हे, पंचक्रोशीतल्या निम्म्या मिरचीवाल्यांची. कंपनीची माणसं आली, झाडं उपटून घेऊन गेली. नंतर त्यांनी सांगितलं, की हे पाकीट आमचं नाही आणि बी सेल्फचं आहे, पेरून नीट फळ न देणारं, याच गावच्या प्लॉटवरून फुटलेलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. आमच्याकडे गोतानं दांडा तर दिलाच, वर पैसेही मोजून घेतले. मालकाच्या दुकानातून एक नमुना तपासायला गेला तो गेलाच. दुकान आठवडाभर बंद राहिलं आणि नव्या पाटीसह उघडलं.

कंपनीनं मात्र गाव सोडलं. शेडनेटच्या जाळ्या उतरल्या. सुपरवायझरनं बायांना एका जागी बसवून ओळखपत्रं परत घेतली. जाऊबाईंनी आपलं पदरानं पुसून दिलं. त्या हंगामात आमच्या गावातल्या क्रॉसिंगच्या सगळ्या बाया पुन्हा निंदायला गेल्या, आणि त्यांतल्या कोणीही कृषी केंद्राच्या मालकाला एक वाकडा शब्द बोलली नाही. त्याच्याकडे उधारीनं खत मिळतं ना! शिव्या खायला जाऊबाई होत्या. ज्यांची मिरची गेली, ते पाकीट घेऊन आमच्या दारात यायचे. तुमचाच फोटो आहे, तुम्हीच पिशव्या भरल्या असतील, असं तोंडावर बोलायचे. बिलाशिवाय माल घेणाऱ्यांना न्यायाची फार चाड असते.

एका बाजाराच्या दिवशी जाऊबाई मला घेऊन त्या दुकानात गेल्या. गर्दी होती. मालकानं "या वहिनी" म्हणून स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. त्या बसल्या नाहीत. काउंटरवर त्याच पाकिटांची चळत होती. त्यांनी वरचं पाकीट उचललं, पदर मागे सारला आणि मनगट पाकिटाशेजारी ठेवलं.

"हा हात माहा हाय," त्या म्हणाल्या. "ह्यातलं बी मी केलं नाही. मले कामावरून काढलं, अन् माह्या हातानं तुमी धंदा करून राह्यले. काऊन?"

मालकानं मान खाली घातली असती, तर मी त्याला थोडंफार माणसांत मोजलं असतं. तो हसला. म्हणाला की वहिनींना काम पाहिजे असेल तर गोदामात पाकिटं भरायला या, हात तर आपल्याकडे आधीपासूनच आहे. गिऱ्हाइकांतले दोघं-तिघं हसले. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागून एक पागोटेवाला बाबा पुढे सरकला. त्यानं जाऊबाईंचं मनगट नीट निरखलं, पाकीट नीट निरखलं, दोन्ही ताडून पाहिलं. मला वाटलं, चला, एक तरी निघाला.

"हावच," तो म्हणाला. "हात हिचाच हाय." मग मालकाकडे वळला. "द्या मंग त्यातलीच दोन. बिल नको."

जाऊबाईंनी हात मागे घेतला आणि आम्ही बाहेर पडलो. परतीच्या बसमध्ये त्यांनी ते मनगट सबंध वेळ पदराखाली धरून ठेवलं होतं. घरी आल्यावर देव्हाऱ्याशेजारचं पाकीट काढून चुलीत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी शिंपिणीकडे जाऊन सगळ्या ब्लाउजांना बाह्या जोडून घेतल्या, पार पंजापर्यंत. तेव्हापासून त्या तशाच असतात. निंदायला जाताना, धुणं धुताना, वैशाखाच्या उन्हात, अंग भाजत असतानाही.

सत्काराच्या दिवशी मालक अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टात होता. शाल घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि सगळ्या मांडवानं ते नीट पाहिले.