लिंबाखालची हजेरी

बीडच्या प्रोबेशन कचेरीत केसरबाई सानप पाणी भरायची. कागदावर तिची रोजंदारी होती, पण कामाला ना सुरुवात ना शेवट. झाडलोट तिची, माठ तिचा, टपाल पोचवायचं तिनं, आणि साहेबांचा चहा गार झाला तर दोषही तिचाच. नवऱ्याबरोबर नऊ हंगाम सहकारी साखर कारखान्याचा ऊस तोडला होता. मग भरलेल्या गाडीचं चाक नवऱ्याच्या छातीवरून गेलं. बाहत्तर साली ऊसच वाळला, कारखान्याचं धुराडं महिन्याभरात थंड पडलं, आणि केसरबाईनं कोयता छपरात खोचून ठेवला. कारखान्याच्या एका संचालकानं दयेनं चिठ्ठी दिली म्हणून ही नोकरी. चिठ्ठीवर आलेली बाई चिठ्ठीशिवायही जाऊ शकते, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून कचेरीत ती शक्यतो तोंड उघडत नसे.

कचेरी होती भाड्याच्या दुमजली घरात. खाली सरकार, वर घरमालकाचा संसार. वरच्या मजल्यावर सुना धावपळ करायच्या तेव्हा खाली टेबलावर माती पडायची, आणि कारकून राधाकिशन ती फुंकरीनं उडवून पुढं लिहायचे. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाला तुरुंगात न घालता, नीट वागेन असं लिहून घेऊन न्यायाधीश मोकळं सोडत. त्या माणसानं महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी इथं येऊन अंगठा द्यायचा. राधाकिशन खुर्चीवरून न उठता नावं पुकारायचे. समोर कुणी आलं तर हजर, नाही आलं तर गैरहजर. इतकं सोपं काम सरकारात दुसरं नसेल.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यातला दुसरा सोमवार उजाडला. राधाकिशननी केसरबाईपुढं एक लखोटा टाकला.

"नावं पुकारून झाली की हा कोर्टात दे. त्या सटवा काळ्याचा हाय, फासेपारधी. चौसाळ्याच्या शिवारात ज्वारीची कणसं चोरली, तरी जज्जसाहेबानं सोडला. अन् ह्यो पठ्ठ्या सात महिने फिरकला न्हाई. आज आठवा. आता बसंल आत वरीसभर."

"बायकापोरं असतील की त्याला," केसरबाई म्हणाली.

"असतील. मग यायचं व्हतं."

हे तिलाही पटलं. आपणही कधी पहाटेच्या हजेरीला चुकलो नाही, ताप अंगात असताना उसात उभे राहिलो, मग ह्याला काय झालं होतं? मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या माणसाला दोन शिव्या घालून ती घागर घेऊन टँकरवर गेली.

घागर भरून परत येताना रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली ती घटकाभर टेकली. त्या झाडाखाली कायम पाचपन्नास माणसं बसलेली असायची. कुणी मिलोसाठी, म्हणजे रेशनवर आलेल्या परदेशी लाल ज्वारीसाठी, कुणी दुष्काळी कामाच्या चिठ्ठीसाठी, कुणी नुसतंच. तेवढ्यात पलीकडून राधाकिशनचा आवाज आला, "सटवा रामा काळे!"

आणि तिच्या शेजारी उभा असलेला माणूस खणखणीत म्हणाला, "हाय जी!"

नेमका त्याच वेळी धान्याचा ट्रक घरघरत मधून गेला. पलीकडं कुणाला ऐकू गेलं असेल तर शपथ. तो माणूस मात्र हात वर करून तसाच उभा राहिला. काटक अंग, डोक्याला फडकं, पाय गुडघ्यापर्यंत पांढऱ्या धुळीनं माखलेले. ट्रक गेल्यावर त्यानं हात खाली घेतला.

केसरबाईच्या हातून घागर सुटायचीच राहिली. "तू सटवा हायेस? अरे मग इथं काहून उभा? आत जा की!"

"आत जाता येत न्हाई, माय."

"पाय मोडले का?"

त्यानं मान वर करून कचेरीच्या माडीकडं बोट केलं. तिथं घरमालकाची सून लुगडं वाळत घालत होती. "वर बाया चालत्यात. बाईच्या पायाखालून आमचा माणूस जात न्हाई. गेला तर देवी कोपती, पंचायत भाईर काढती. मग पोरींची लग्नं व्हत न्हाईत, मेलो तर खांदा द्याय कुणी येत न्हाई. कोर्ट बैठं हाय, तिथं गेलतो. इथं न्हाई जमत."

"मग सांगायचं न्हाईस?"

"पयल्या खेपेला सांगितलं कारकुनाला, रस्त्यावर गाठून. ते म्हणले, नखरे करू नको. तवापासून इथनं वरडतो, पर ह्या गलक्यात आत ऐकू जात न्हाई."

"किती खेपा आलास?"

"समद्या."

पुढची चौकशी तिनं केली ती विश्वास बसत नव्हता म्हणून. लिंबागणेशच्या पुढं तलावाचं काम चालू होतं, तिथं तो आणि बायको माती वाहायचे. एसटीत बसायचं नाही, तिथंही चढता-उतरता बायांचा पाय अंगावरून जायचा, तोच प्रश्न. म्हणून रविवारी काम सुटलं की चालायला लागायचं, सोमवारी दिवस उगवताना इथं पोचायचं, नाव पुकारलं की "हाय" म्हणायचं, कुणी बोलावतंय का म्हणून कचेरी बंद होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा चालत माघारी. दहा-बारा कोस येणं, तेवढंच जाणं. दुष्काळात, वाटेवर प्यायला पाणी नाही अशा दिवसांत, आठ वेळा. केसरबाईनं आयुष्यात कष्टाळू माणसं ढिगानं पाहिली होती, तिचं सगळं गोतच तसं होतं. पण कुणी बघत नसताना, कागदावर उलटंच लिहिलं जात असताना इतकं नेमानं येणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. तिला मघाच्या दोन शिव्यांची लाज वाटली.

घागर तिथंच ठेवून ती थेट साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. सुंदरराव साहेब तेलगावकडच्या शेतकरी घरातले, मनानं वाईट नव्हते, पण नियमाला देव मानणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"आज आला असंल, बाई. तारीख जवळ आली म्हणल्यावर येत्यात सगळे. आधीच्या साती खेपा आला व्हता, हे कुणी पाहिलं?"

"त्यालाच विचारा, साहेब."

"तू तुझं काम बघ गं," राधाकिशन म्हणाले. "नोकरी नकोशी झाली काय?"

झाली असती तर बरं झालं असतं. पण लखोटा टेबलावर तिच्या डोळ्यांसमोर पडलेला होता, आणि एकदा तो कोर्टात पोचला की रस्त्यापलीकडचा माणूस वर्षभर गजाआड जाणार होता. "घ्या काढून नोकरी," ती म्हणाली. "पर दोन पावलं भाईर चला."

दोन पावलं चालायला सरकारला कमीपणा वाटतो, तरी सुंदरराव उठले. हातात रोजनिशी घेतली, मागं राधाकिशन. लिंबाखाली पोचल्यावर त्यांनी नेहमीच्या कडक आवाजात विचारलं, "साती सोमवारी इथं व्हतास म्हणतोस. पुरावा काय?"

सटवानं खाली जमिनीकडं पाहिलं. आजोबा-पणजोबांपासून तितर आणि लावे धरणाऱ्या घरातला माणूस तो. रानात कोण गेलं, कधी गेलं, दमलेलं होतं की पळत होतं, हे मातीत बघूनच त्यांचं पोट भरायचं.

"दिवाळीनंतरच्या खेपेला," तो सावकाश म्हणाला, "साहेब, तुमच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला व्हता. पाय घासत आत गेलतात. जाताना नवी चप्पल व्हती, टाचेला खिळ्याची."

सुंदररावांनी आपल्या पायाकडं पाहिलं. तीच चप्पल होती.

"त्याच्या पुढल्या खेपेला कारकूनसाहेब दारातनं माघारी फिरले, सायकलीला कुलूप लावाय. मागचं चाक बसलं व्हतं, जाताना हातानं ढकलत नेली. मागच्या खेपेला टँकर कोपऱ्यापातुर आलाच न्हाई. ह्या माउलीनं लांबून चार खेपा केल्या. चवथ्या खेपेला उजवी टाच टेकत नव्हती. काटा व्हता."

त्या काट्याबद्दल केसरबाई कुणाशी बोलली नव्हती. संध्याकाळी घरी जाऊन सुईनं तिनं तो एकटीनं काढला होता. आपण ह्या गावात इतके महिने पाणी वाहतो, पण आपली टाच दुखतेय हे एका माणसाला दिसलं होतं, आणि तो रस्त्यापलीकडं उभा असलेला, कागदावर नसलेला माणूस होता.

"अन् संक्रांतीच्या आधीचा सोमवार?" सुंदररावांचा आवाज आता कडक राहिला नव्हता.

सटवा जरा घुटमळला. "त्या दिशी तुमचं पाऊल न्हाई, साहेब. मी दिवस कलेपातुर व्हतो. तुमी आलाच न्हाईत."

राधाकिशननी खाकरून दुसरीकडं तोंड फिरवलं. सुंदररावांनी रोजनिशीचं पान उलटलं. आठ जानेवारी. त्या दिवशी ते औरंगाबादला मेहुण्याकडं पाहुणे म्हणून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी हजेरीवहीवर सही केली होती. सटवा काळे, गैरहजर. खाली त्यांचीच सही. जो आला नव्हता त्यानं, जो आला होता तो आला नाही असं लिहून दिलं होतं. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढ्या मोठ्या माणसाला लाज वाटलेली केसरबाईनं पहिल्यांदा पाहिली, आणि तिला ते साहेब एकदम आवडले.

"राधाकिशन," ते म्हणाले, "टेबल भाईर आणा."

"साहेब, वही कचेरीतच ठेवायचा नियम हाय."

"मी जिथं बसंन ती कचेरी. धरा."

टेबलाचं एक टोक राधाकिशननी धरलं, दुसरं केसरबाईनं. लिंबाखालच्या माणसांनी सरकून जागा केली. साहेबांनी लखोटा फाडला, वही उघडली, सातही ठिकाणचं 'गैरहजर' आडव्या रेघेनं खोडून 'हजर' लिहिलं आणि प्रत्येकापुढं सही केली. जानेवारीच्या ओळीवर त्यांचा हात जरा थबकला. मग सटवानं शाईत अंगठा बुडवून आजच्या तारखेपुढं उमटवला. केसरबाईनं घागरीतल्या पाण्याची धार त्याच्या ओंजळीत धरली. तो बराच वेळ पीत राहिला.

निघताना सुंदररावांनी त्याला थांबवलं. "एक सांग. आज ह्या बाईनं तुझा आवाज ऐकलाच नसता, अन् लखोटाही गेला नसता, तर तू काय करणार व्हतास?"

सटवाला प्रश्नच नीट कळला नाही. त्यानं साहेबांकडं, मग केसरबाईकडं पाहिलं.

"पुढल्या महिन्यात आलो असतो," तो म्हणाला. "जज्जसाहेबानं तीन सालं सांगितली व्हती. मी येतो म्हणलो व्हतो. अजून अठ्ठावीस खेपा हायेत."

एवढं सांगून तो चालायला लागला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर माती उचलायची होती.