घंटीबाईंचा बायोडेटा

घंटीबाई हे नाव त्यांना लॅबमध्ये पडलं, आणि ते त्यांनी कष्टाने कमावलेलं होतं. रक्ताचा थेंब काचेच्या स्लाइडवर पसरायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, हे त्यांचं काम. पांढऱ्या पेशी पाच जातींच्या. त्यामुळे हाताशी पाच बटणांचं एक छोटं यंत्र असे; ज्या जातीची पेशी दिसेल त्या जातीचं बटण दाबायचं. शंभर पेशी भरल्या की यंत्र 'टिंग' करी. इतरांची घंटी वाजेवाजेपर्यंत यांची दोनदा वाजलेली असे. शेजारच्या खोलीतले वयस्कर तंत्रज्ञ एकदा दारात येऊन म्हणाले, "इथे सायकलचं दुकान काढलंय का कुणी?" झालं, तेव्हापासून त्या घंटीबाई.

आठ वर्षं ती घंटी वाजली. मग थोरली झाली. "वर्षभराने येते," असं सांगून घंटीबाई घरी बसल्या. लॅबच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनीही भरवसा दिला, "ये गं सावकाश. तुझं स्टूल कुणाला देत नाही मी." पण थोरलीचा कान सारखा फुटायचा. तो बरा झाला तर सासूबाईंनी अंथरूण धरलं. त्यातून मोकळ्या होतात न होतात तोच धाकटी. वर्षाची सोळा वर्षं कशी झाली ते कॅलेंडरलासुद्धा कळलं नाही. मधल्या काळात मोठ्या बाई गेल्या, लॅब बंद झाली आणि त्या जागी चष्म्याचं दुकान आलं. घंटीबाईंनी वाचायचा चष्मा तिथूनच घेतला. डोळे तपासताना त्यांचं लक्ष समोरच्या अक्षरांकडे नव्हतंच. आपलं स्टूल नेमकं कुठे होतं, याचा त्या अंदाज घेत होत्या. नंबर जरा जास्तच निघाला.

बोटं मात्र काम विसरली नव्हती. मुलींना झोपवताना त्या पाठीवर थोपटत, ते पाची बोटांनी वेगवेगळं. धाकटी एकदा वैतागून म्हणाली होती, "आई, तू थोपटतेयस की टायपिंग करतेयस?"

तर अशा घंटीबाईंना एका सकाळी जाहिरात दिसली. लॅबमध्ये मायक्रोस्कोपसाठी अनुभवी व्यक्ती हवी, बायोडेटा पाठवावा. खाली पगार लिहिला होता, तो त्यांनी वाचलाच नाही. त्यांना पुन्हा त्या स्टुलावर बसायचं होतं. त्या स्टुलावर नाही तर तसल्याच दुसऱ्या स्टुलावर, पण समोर मायक्रोस्कोप हवा.

बायोडेटा लिहायचं काम थोरलीने अंगावर घेतलं. ती सोळा वर्षांची, म्हणजे आईच्या घरी बसण्याइतकीच जुनी, आणि कॉम्प्युटरसमोर बसली की तिच्या आवाजात एकदम हेडमास्तरीण शिरायची.

"बायोडेटा नाही म्हणायचं, आई. सीव्ही. बरं, इथे कौशल्यं लिहायची आणि पुढे ठिपके भरायचे. पाचपैकी किती? मायक्रोस्कोप?"

घंटीबाईंनी विचार केला. "साडेतीन."

"अर्धा ठिपका नसतो!"

"मग ते चूक आहे ना. माझं साडेतीनच आहे."

"चार केले." थोरलीने ठोकून दिले. "आता अनुभव. आठ वर्षं, छान. आणि त्याच्यापुढे..." ती थांबली. पडद्यावर खाली बरीच पांढरी जागा होती. "पुढची सोळा वर्षं काय लिहू?"

सोफ्यावर वर्तमानपत्र होतं. त्याच्यामागे यजमान होते. विम्याच्या कंपनीत फुटक्यातुटक्या मोटारींची पाहणी करून अहवाल लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे कुठल्याही कागदाबद्दल बोलायचा आपल्याला हक्क आहे असं त्यांना वाटे.

"त्यात काय? लिही, घर सांभाळलं."

"बाबा, तसं लिहीत नाहीत. घर सांभाळलं लिहिलं की वाचणारा समजतो, झोपा काढल्या."

"अगं, पण खरंच सांभाळलं ना तिने!"

"खरं असून काय उपयोग? सिद्ध करता येतं का?"

यजमानांनी घरावर एकदा नजर फिरवली. इस्त्रीचे कपडे, औषधांचा डबा, फ्रिजवर मुलींचं वेळापत्रक. मग ते परत वर्तमानपत्रात शिरले.

थोरलीने शेवटी युक्ती काढली. वर्षं लिहायचीच नाहीत. कामाची यादी ठळक करायची, तारखा गाळायच्या. मग तिने हुद्द्याच्या ओळीकडे पाहिलं. 'तंत्रज्ञ' एवढंच. एकटं, बारकं. तिने त्याच्या अलीकडे 'वरिष्ठ' लावलं.

"हे काय गं? वरिष्ठ मोठ्या बाई होत्या."

"त्यांना आता कुठे नोकरी हवीय? आणि आठ वर्षांनी माणूस वरिष्ठ होतोच. न झालीस तर तो त्यांचा वेंधळेपणा."

घंटीबाई म्हणजे शंभराऐवजी नव्याण्णव पेशी मोजल्या तर आख्खी स्लाइड पुन्हा मोजणारी बाई. खरं तर त्यांनी ते तिथल्या तिथे खोडायला लावायला हवं होतं. पण चष्मा नाकावर चढवून त्यांनी ती ओळ एकदा वाचली. मग आणखी एकदा वाचली. आयुष्यात त्यांना कुणी वरिष्ठ म्हटलेलं नव्हतं. घरात तर सगळ्यांच्या शेवटी जेवणारीला वरिष्ठ कोण म्हणणार? ओळ तशीच राहिली. छापून काढलेल्या कागदावर खाली त्यांनी नीट, जुन्या वळणाची सही केली.

चार दिवसांनी बोलावणं आलं.

नव्या लॅबमध्ये काचेच्या दाराआड फ्रिजएवढं मशीन होतं आणि ते एका मिनिटात जेवढं मोजत होतं, तेवढं मोजायला घंटीबाईंना पूर्वी अर्धा दिवस लागला असता. मॅनेजर तिशीतली, चटपटीत. ती यांना मॅडम म्हणे, या तिला मॅडम म्हणत. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं असतं, आत दोन राण्यांची भेट चालू आहे.

"मधली वर्षं कुठे होतात, मॅडम?"

"घरी. दोन मुली आहेत, मॅडम."

"अच्छा." तिने तेवढंच कोपऱ्यात लिहून घेतलं. "बघा, मोजतं मशीनच. पण त्याला एखाद्या नमुन्याची शंका आली की ते थांबतं. ती स्लाइड माणसाने बघायची. त्यासाठीच आम्हाला वरिष्ठ माणूस हवंय. या पाच स्लाइड. आकडे लिहा, निदान लिहा, खाली सही करा. मी येतेच."

मोजायचं यंत्र कुणाला सापडेना. शेवटी एका खणाच्या तळातून एक जुनं निघालं. बटणं चालत होती, आकडे पडत होते. घंटी मेलेली होती.

घंटीबाई स्टुलावर बसल्या. चष्मा लावला तर भिंगावर आपटायचा, काढला तर कागद दिसायचा नाही. म्हणून चष्मा कपाळावर, डोळा भिंगाला, आणि दर वेळी आकडा लिहिताना चष्मा दाणकन नाकावर. पहिल्या स्लाइडला त्या 'टिंग'ची वाट बघत एकशे नऊपर्यंत गेल्या. जीभ चावली, परत पहिल्यापासून मोजलं. दुसरीपासून मात्र हात बसला. निळ्याजांभळ्या पेशी जुन्या शेजारणींसारख्या एकेक करून समोरून जाऊ लागल्या, आणि बोटं आपली आपण त्यांना हाका मारू लागली. सोळा वर्षांत पहिल्यांदा अर्धा तास त्यांना कुणी "आई, माझा मोजा कुठेय?" असं विचारलं नाही.

चार स्लाइड झाल्या, चार सह्या झाल्या. पाचवीत तीन पेशी त्यांना बऱ्या दिसल्या नाहीत. मोठ्या, कोवळ्या, जिथे असू नयेत तिथे आलेल्या. रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिसतात तसल्या त्या पेशींचं नाव घंटीबाईंना माहीत होतं.

आता जुन्या लॅबची एक रीत होती. शंकेच्या स्लाइडवर सही करायची नाही. तिला चिठ्ठी लावायची, 'शंका, बाईंना दाखवावी', आणि ती उजव्या हाताला वेगळी ठेवायची. मोठ्या बाई चहा झाला की येत, भिंगात बघत, एक शब्द उच्चारत आणि सही ठोकत. तो शब्द घंटीबाई मनात आधीच म्हणून ठेवत. आठ वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. पण तो त्यांना कुणी विचारलाही नव्हता.

त्यांनी कागदाचा एक कपटा फाडला. चिठ्ठी लिहिली, स्लाइडला लावली, स्लाइड उजव्या हाताला ठेवली आणि हात मांडीवर घेऊन त्या वाट बघत बसल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाठ ताठ. काम चोख झालं होतं.

मॅनेजर आली. तिने चार कागद चाळले, मान डोलावली आणि पाचव्याशी थबकली.

"हिच्यावर सही नाही?"

"तीन पेशी बऱ्या नाहीत तिच्यात. वरिष्ठांना दाखवावी लागेल."

"वरिष्ठांना?" तिने कपटा वाचला. मग सीव्ही काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, वरिष्ठ तर तुम्ही आहात ना?"

मागे मशीनची घरघर चालली होती. घंटीबाईंनी त्या शब्दाकडे पाहिलं. घरच्या पडद्यावर केवढा रुबाबदार दिसला होता.

"मुलीने लिहिलं," असं म्हणता आलं असतं. ओठांपर्यंत आलंही होतं.

"ते मी वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "खाली सही माझीच आहे. पण शंकेच्या स्लाइडवर मी कधी सही केलेली नाही."

"तुम्हाला त्या पेशी कसल्या वाटल्या?"

घंटीबाईंनी तो शब्द उच्चारला. इतक्या हळू, की तो मायक्रोस्कोपलाच सांगितल्यासारखा वाटला.

"बरोबर आहे," मॅनेजर म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "अगदी बरोबर आहे. पण इथे तुमच्या वरती कुणी नाही हो. आधी मशीन, मग तुम्ही, आणि मग थेट पेशंटच्या हातात. बाई कुठून आणू मी?" ती सीव्ही परत फाइलमध्ये घालू लागली. "कळवते मी तुम्हाला, मॅडम."

घरी थोरली दारातच उभी. "काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

"सीव्ही आवडला त्यांना?"

"हो तर. बराच वेळ बघत होत्या."

"माझं काही चुकलं नाही ना, आई?"

"छे गं. छान लिहिलास," घंटीबाई म्हणाल्या आणि कपडे बदलायला आत गेल्या. यजमानांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. काहीतरी विनोद करायचा म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि करिअरमध्ये पहिल्यांदाच पाहणी करून अहवाल न देता ते चहा टाकायला उठले.

आठवड्याने फोन आला. मॅनेजरच होती. मायक्रोस्कोपचं नाही जमणार, म्हणाली. पण पुढच्या काउंटरवर, जिथे लहान मुलांचं रक्त काढतात, तिथे कुणी टिकत नाही. पोरं किंचाळतात, मुली काम सोडून जातात. "तुम्ही म्हणाला होतात ना, दोन मुली आहेत. तुम्हाला सवय असेल."

जी सोळा वर्षं कागदावरून इतक्या शिताफीने गाळली होती, तीच शेवटी कामाला आली. फक्त काचेच्या दाराच्या अलीकडच्या बाजूला.

घंटीबाई आता रोज तिथे असतात. पोर आलं की आधी ते रडतं, मग त्याची आई रडवेली होते, मग घंटीबाई त्याला जवळ घेऊन पाठीवर पाच बोटांनी थोपटतात, आणि ते जरा गप्प झालं की सुई कधी लागली ते त्याला कळत नाही. नळीवर चिठ्ठी चिकटवून त्या ती काचेच्या दारातून आत देतात. दार उघडतं तेवढ्यात आतलं स्टूल दिसतं. ते अजून रिकामंच आहे.

जाहिरात पुन्हा लागली तेव्हा थोरलीने कॉम्प्युटर उघडला. "आई, आता तर चालू नोकरीही आहे. परत पाठवू या? 'वरिष्ठ' काढलं मी."

घंटीबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. चष्मा लावून त्यांनी पडद्यावरचा सीव्ही वरपासून खालपर्यंत वाचला.

"मायक्रोस्कोपचे चार ठिपके आहेत अजून," त्या म्हणाल्या. "तीन कर."