थिआची दहावी फेरी

थिआ बोबेक आमच्या अँब्युलन्सवर शिकायला आली तेव्हा मी मनात म्हटलं, आली आणखी एक. दर वर्षी येतात. कॉलेज संपलेलं असतं, मेडिकलला जायचं असतं, आणि अर्जात लिहायला खरे रुग्ण हवे असतात. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या कोळशाच्या गावात या गाडीवर राबणारे सगळे बिनपगारी. मी, लोरेन यानुस्का, तीस वर्षं शाळेची बस हाकली आणि पंचवीस वर्षं ही गाडी सांभाळली. त्याचा तोरा मला होता, खोटं कशाला बोलू?

थिआ बावीस वर्षांची, हळू बोलणारी. बाप गावातच छपरं दुरुस्त करतो. अँब्युलन्सवर काम करायची परीक्षा ती पास झाली होती, पण जाणत्या माणसाच्या नजरेखाली दहा फेऱ्या केल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. नऊ झाल्या होत्या. दहावीवर सही माझी. शुक्रवारपर्यंत ती मिळाली नाही तर मेडिकलचा अर्ज वर्षभर लांबणार, हे तिनं मला एकदाच सांगितलं. माझी सही घाईनं मिळत नाही, डॉक्टरीणबाई, असं मी तिला ऐकवलं.

बुधवारी सकाळी अकराला फोन आला. क्लेम पेत्रुस्की, वय अठ्ठ्याहत्तर, उलट्या होतायत, उभं राहवत नाही. ऑक्टोबरचं छान ऊन पडलं होतं. दारात त्याची बायको हेडविग कपाळ चोळत उभी होती. दोघांनाही फ्लू झालाय, म्हणाली.

थिआ पायरीवरच थबकली. बॅगेला लटकवायचा विषारी वायूचा अलार्म कुठाय, तिनं विचारलं. बॅटरी उतरली की तो टिकटिक करून डोकं उठवतो, म्हणून सकाळी मीच तो काढून टेबलावर टाकला होता. नवी बॅटरी घालायचं राहून गेलं. फ्लूला अलार्म लागत नाही, चल आत, असं म्हणून मी पुढे झाले.

क्लेम स्वयंपाकघरात कोळशाच्या शेगडीशेजारी खुर्चीत कलंडला होता. थिआनं त्याच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. प्राणवायू नव्व्याण्णव टक्के. माझा जीव भांड्यात पडला. रक्तदाब घे, मी सांगितलं.

तिनं घेतला नाही. ती हेडविगला विचारत बसली, डोकं कधीपासून दुखतंय, मध्ये कधी थांबलं का. सकाळी चर्चमध्ये अगदी बरं वाटत होतं, घरी आले आणि पुन्हा ठणकायला लागलं, हेडविग म्हणाली. मग थिआनं शेगडीकडे बोट केलं आणि तिची हवेची झडप कुणी लावली ते विचारलं. ऊन आलं म्हणून क्लेमनंच घट्ट लावली होती. आमच्याकडे एकदा पेटवलेली आग वसंतापर्यंत विझू देणं म्हणजे नामुष्की. उबदार दिवशी ती मंद करून ठेवतात. पण अशा दिवशी धुराडं धूर नीट वर ओढत नाही, विषारी वायू घरातच साठतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि मी आकडा बघत उभी होते.

"सगळे बाहेर. आत्ता," थिआ म्हणाली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांसमोर काल आलेली पोर मला शिकवणार? "इथं प्रमुख मी आहे," मी म्हटलं. "आकडा उत्तम आहे. रक्तदाब घे, नाहीतर सही विसर."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. हात मात्र क्लेमच्या काखेत गेले होते.

"तो चिमटा विषारी वायूलाही प्राणवायूच समजतो, लोरेन. नका करू सही. याचे पाय धरा."

माझी कानशिलं ठणकत होती. मला वाटलं, रागानं. पाय धरायला वाकले आणि जमीन गरकन फिरली, तेव्हा कुठे अक्कल आली. हेडविग कोट शोधायला वळली. मी तिची बाही धरून तिला ओढलं. क्लेम शंभर किलोचा. उंबऱ्यावर तो अडकला, थिआनं गुडघे टेकून त्याला खेचून काढलं.

गवतावर त्याची शुद्ध गेली. श्वास चालू होता, पण उथळ. थिआनं प्राणवायूचा मास्क त्याच्या तोंडावर घट्ट दाबून धरला आणि त्याला नावानं हाका मारत राहिली. मी अग्निशमनवाल्यांना बोलावलं. ते आले, मास्क चढवून आत गेले, मोजमाप घेऊन लगेच बाहेर आले. आणखी अर्धा तास गेला असता तर दोघांचे मुडदे उचलावे लागले असते, असं त्यांच्या म्होरक्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं.

हॉस्पिटलच्या वाटेवर क्लेमनं डोळे उघडले आणि शिवी घातली. इतकी गोड शिवी मी ऐकली नव्हती.

आम्हालाही तासभर प्राणवायू लावून बसवलं. मग मी तिचा फॉर्म काढला. 'प्रमुखाची आज्ञा पाळली का?' या रकान्यात 'नाही' लिहिलं. थिआ शेजारूनच बघत होती. तिनं मान खाली घातली. खाली मी अलार्म काढल्याचं लिहिलं, चुकीची आज्ञा दिल्याचं लिहिलं आणि सही केली.

"आज्ञा मोडली असं लिहिलंत," ती हळूच म्हणाली, "मग सही कशी केलीत?"

"तू ऐकलं असतंस तर सही करायला मी उरले नसते," मी म्हटलं.