दोन्ही हात स्टेअरिंगवर

“दोन्ही हात ठेव,” एवढंच ती म्हणायची. गाडीत फोन जोडून झाला की गिऱ्हाइकाला सीटवर बसवायची, त्याचे हात स्टेअरिंगवर ठेवायला लावायची आणि स्वतः गाडीमागे जाऊन त्याला आपल्या मोबाइलवरून फोन करायची. डॅशबोर्डवरच्या स्पीकरमधून तिचा आवाज यायचा, “हं, बोल.” आणि जो तो एकच चूक करायचा. आवाज समोरून येत असूनही हात सवयीने कानाकडे जायचा. मग ती तरातरा पुढे यायची आणि टेस्टरची मूठ त्या बोटांवर आपटायची. “पुन्हा. कानाले काई नाई चिकटलं तुह्या.” माझ्या बोटांनी तो टेस्टर किती खाल्ला ते विचारू नका.

कुरखेड्यात सगळे तिला आपा म्हणत. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान तिच्या अब्बांचं. ते थकले तेव्हा दुकान बंद होईल असं सगळ्यांनी धरलं होतं, आपाने तेवढं धरलं नव्हतं. मी तेव्हा कुरखेडा ते कोरची जीप चालवायचो. मोबाइल नवे नवे आले होते आणि खिशात मावणारे, एमपीथ्री वाजवणारे गाण्यांचे डबेही. कॅसेट अडकायची कटकट गेली म्हणून आम्ही ड्रायव्हर लोक खुशीत होतो. डबा गाडीच्या टेपला जोडून घ्यायला आपाकडेच जावं लागे. पण तिची अट होती. गाणं पाहिजे तर फोनचा हँड्सफ्रीही बसवायचा, आणि फोन आला की गाण्याचा आवाज आपोआप बंद झाला पाहिजे. नुसतं गाणं ती कोणाला जोडून देत नसे.

तुम्ही तेव्हा त्या रस्त्याने गेला असाल तर तुम्हाला आठवेल, जंगलात कुठेच रेंज नसायची. रेंज यायची घाटातल्या एका वळणावर, तेही नेमकं सगळ्यात वाईट वळण. दिवसभर अडून बसलेले फोन तिथेच वाजत. एका हाताने फोन, एका हाताने गाडी, मागे पायरीवर लोंबकळणारी माणसं. आम्हाला त्यात मर्दुमकी वाटायची.

गावाने तिच्या अटीमागे एक मरण शोधून ठेवलं होतं. कोणी म्हणे तिचा भाऊ त्या वळणावर गेला, कोणी म्हणे लग्न ठरलेला मुलगा. मी एकदा विचारलंच. ती जीपमध्ये उताणी पडून डॅशबोर्डखाली काम करत होती. तिथूनच म्हणाली, “माह्या घरचं कोणी मेलं पायजे का, मंगच माही गोष्ट खरी?” वायर खेचत पुढे म्हणाली, “भाऊ चांगला आहे. चिमूरले राह्यते. लठ्ठ झाला.”

त्या स्पीकरने माझी अब्रू पार घालवली. वळणावर बायकोचा फोन आला, आईचं औषध घेतलं का म्हणून. “घेतलं,” मी म्हटलं. मागच्या सीटवरून एक म्हातारी बोलली, “कुठी घेतलं? गाडी तर कुठीच नाई थांबली.” बायकोने ते स्वच्छ ऐकलं. मी तणतणत आपाकडे गेलो.

“आपा, सारी जीप ऐकते.”

“मंग खोटं नको बोलू.”

“आणि फोन ठेवला का गाणं पुढंच गेलेलं असते. तिथूनच सुरू काऊन नाई होत?”

“डब्बा चालूच राह्यते, फक्त आवाज बंद होते. तू बोलून राह्यला म्हणून गाण्यानं काऊन थांबावं?”

मग तेंदूपत्त्याचा एक ठेकेदार नवीकोरी गाडी घेऊन आला. त्याला मोठा आवाज हवा होता, मध्ये फोनची किटकिट नको होती. आपाने अट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, “बाई, गाडी माझी आहे.” आपाने किल्ली त्याच्या हातात परत ठेवली. “गाडी तुमची. घाट तुमचा नाई.” आम्ही चार ड्रायव्हर तिथेच चहा पीत होतो. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला.

दुकानाचा गाळा भाड्याचा होता, ठेकेदाराच्या साळ्याचा. महिना संपायच्या आत आपाचं सामान रस्त्यावर आलं. लोक म्हणाले, एक वायर जोडून दिली असती तर काय बिघडलं असतं. आपाने समोरच्या मोहाच्या झाडाला बोर्ड ठोकला, वायरींना डाग द्यायची सळई कोळशाच्या शेगडीवर तापवली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला तीच अट सांगितली. पहिलं गिऱ्हाईक मीच होतो. माझ्या गाडीत काही बिघडलं नव्हतं, तरी मी गेलो.

एक दिवस ठेकेदाराचा ड्रायव्हर चोरून आला. “आपा, तो हँड्सफ्री बसवून दे. सायबाले नको सांगू.”

“सायबाले सांगून ये, मंग बसवीन.”

त्या बिचाऱ्याने खरंच सांगितलं, वर हेही सांगितलं की नाहीतर घाटात गाडी नेणार नाही. आठवड्याने ती गाडी मोहाखाली उभी राहिली. ठेकेदार मागे बसून दुसरीकडे बघत होता. आपाही त्याच्याकडे न बघता काम करत होती. ड्रायव्हरच्या बोटांवर मात्र टेस्टर नेहमीसारखाच बसला. गाळा परत मिळाला नाही, तिने मागितलाही नाही. ती मोहाखालीच राहिली.

पुढे तिच्या छातीत पाणी झालं, तिला नागपूरला नेलं. त्याच दिवसांत एकदा मी भरलेली जीप घेऊन घाट चढत होतो, गाणं चालू होतं. वळणावर गाणं बंद झालं आणि स्पीकरमधून तिच्या चिमूरच्या भावाचा आवाज आला. “भाऊ, आपा गेली. आज घरी आणून राह्यलो.”

सगळ्या जीपने ऐकलं. म्हाताऱ्या माणसांनी, शाळेच्या पोरींनी, पायरीवरच्या दोघांनीही. मला रडू फुटलं. “येतो,” एवढंच म्हणालो. फोन कटला आणि गाणं परत आलं, बरंच पुढे गेलेलं. शेजारच्या माणसाने ते बंद करायला हात पुढे केला.

“असू द्या,” मी म्हटलं. डोळे पुसायलाही हात उचलला नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून मी ते वळण काढलं.